तुंदुक कोण नेणार

नारिनमध्ये उणे सत्तावीस.
जिल्हा रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
मी चौऱ्याऐंशी पानांची योजना घेऊन फिरते,
दारोदार, लग्नाची अक्षत द्यावी तशी.

पाच उद्दिष्टं, एकतीस निर्देशक,
शेवटी रंगांचे चौकोन : हिरवा, पिवळा, लाल.
राजधानीतल्या तीन दिवसांच्या कार्यशाळेत
सुकी जर्दाळू खात आम्ही ती लिहिली.
सगळं शक्य वाटलं होतं. खोली उबदार होती.

उद्दिष्ट दोन, कलम चार :
रुग्णाला हात लावण्याआधी हात धुणे.
बेसिनं आली. पांढरी, नवीकोरी, अकरा.
डिसेंबरात भिंतीतला पाइप गोठला.
नळ सोडला की नुसता सुस्कारा येतो.
अहवालात 'बेसिनं बसवली, शंभर टक्के'.
चौकोन हिरवा.

डॉक्टर एसेनकुल म्हणाले, ठेवा टेबलावर, वाचतो.
टेबलावर मागची योजना, तिच्यावर चहाचा पेला,
तिच्याखाली तिच्याही मागची.
माणूस वाईट नाही. छत्तीस तास झोपला नव्हता.

लेखापाल जिपार म्हणाली, पाइप म्हणजे दुरुस्ती,
आणि दुरुस्तीचा पैसा जूनमध्ये.
जूनमध्ये पाइप आपला आपणच दुरुस्त होतो.

तळघरात धुलाईखाना. वाफ.
बुरुलचा चादरी पिळत होती, कोपरापर्यंत लाल.
वाचून दाखवताना मी 'स्ट्रॅटेजी'पाशी अडले.
रशियनमधून आलेला शब्द, आमच्या तोंडात नीट बसत नाही.
ती म्हणाली, म्हणजे जायलोला जाण्यासारखं?
उन्हाळ्यात वरच्या कुरणावर बिऱ्हाड हलवतो, तसं?
साधारण तसंच, मी म्हटलं.

मग घोडे घेऊन पुढे कोण?
मेंढरांमागे कोण?
म्हातारीला खोगिरावर कोण चढवणार?
आणि तुंदुक कोण नेणार?

तुंदुक : तंबूच्या माथ्याचं लाकडी कडं,
त्यातून धूर बाहेर जातो, आभाळ आत येतं.
तिच्या घरी ते थोरल्या दिरानंच न्यायचं.
कुणी कधी लिहून ठेवलं नाही.
पण ते खालीच राहिलं
तर बाकी सगळं असून रात्र उघड्यावर.

मी पान उलटलं. रकाना सातवा, जबाबदारी.
एकतीस ओळी, एकतीस वेळा
'सर्व विभाग'.
कार्यशाळेत मीच म्हणाले होते,
नावं नकोत, कुणाला तरी वाईट वाटेल.
घोडे होते की माझ्याकडे.
कागदी.

त्या रात्री 'सर्व विभाग' खोडून
पेन्सिलीनं माणसं लिहिली.
दोघांनी आपापलं नाव पुसलं. तिसऱ्यानं शिवी दिली.
संचालकांकडून कागद परत आला :
नमुन्यात नाव चालत नाही, पद लिहा.
पदं लिहिली. त्यांतली सहा
दोन वर्षं रिकामी आहेत.

बॉयलरवाल्या साबिरबेकनं यातलं काही वाचलं नाही.
बुरुलचा त्याला काय बोलली, कुणास ठाऊक.
घरचा फाटका नमदा घेऊन आला,
भिंत फोडली, न विचारता,
आणि बाळंतिणीचे कान बांधावेत
तसा पाइप गुंडाळून तारेनं आवळला.

पहाटे चारला सातव्या खाटेजवळ
नळ खोकला. गंजाचं लाल पाणी,
मग गढूळ, मग नितळ.
रात्रपाळीची नुरपेरी हात धरून उभी राहिली,
गरजेपेक्षा बराच जास्त वेळ.

दहा बेसिनं अजून कोरडी.
भिंतीच्या भोकाबद्दल खुलासा मागवलाय.
आणि हे अकरावं
कुठे नोंदवायचं, मला कळत नाही :
चौकोन आधीपासूनच हिरवा आहे.